उंच केलेल्या गाडीत 'ठक्' कुठून येतं: ऑफ-रोड सस्पेन्शनचे भाग एकमेकांशी कसे बांधलेले असतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीला पुढे-मागे सलग एक्सल (डावं-उजवं चाक एकाच कडक नळीने जोडलेलं) आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. पुढचा एक्सल दोन रेडियस आर्म (एक्सलला चासीशी जोडणारे लांब दांडे) आणि एका पॅनहार्ड रॉडवर (एक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) धरलेला. तुम्ही चारही स्प्रिंग बदलून 'हेवी ड्युटी' बसवल्या, गाडी 50 मिमी उंच झाली. शॉकअप गळत नव्हते म्हणून मूळचेच ठेवले. आता उंचवटा ओलांडून चाक खाली सुटलं की 'ठक्' आवाज येतो, कच्च्या रस्त्यावर गाडी एकदा उसळली की दोन-तीन हेलकावे खाते, आणि गुळगुळीत रस्त्यावर वेगात स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. यातला कोणता भाग खराब आहे?

बहुधा एकही नाही. या तिन्ही तक्रारी एकत्र, आणि त्याही स्प्रिंग बदलल्यानंतर लगेच आल्या असतील, तर त्या एकाच बदलातून निघाल्या आहेत. स्प्रिंगने गाडी नव्या उंचीवर नेली. शॉकअप, आर्म आणि रॉड यांची मापं मात्र जुन्या उंचीचीच राहिली. सुट्या भागांची यादी घेऊन एकेक बदलत बसलात तर पैसे जातील आणि तक्रार जागा बदलून पुन्हा येईल. म्हणून आधी हे भाग एकमेकांचं काय घेतात आणि काय देतात ते नीट पाहू.

एक चाक वीतभर उंचीच्या दगडावर अगदी सावकाश चढतंय असं डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात आधी दबतो तो टायर. तोही एक स्प्रिंगच आहे, आणि तिला आवरणारा शॉकअप नाही. रस्त्यावरच्या 32-35 पीएसआय हवेवर टायर दगडाला ढकलतो. 18-20 वर आणला तर दगडाला लपेटतो, आणि पुढच्या सगळ्या भागांचं काम तेवढं कमी होतं. मग स्प्रिंग दबायला लागते. एक्सल सलग असल्याने तो तिरका होतो. रेडियस आर्म त्याला सरळ वर जाऊ देत नाहीत, कमानीतून नेतात. पॅनहार्ड रॉड त्याला थोडा आडवा ओढतो. आर्मच्या टोकांचे बुश, म्हणजे सांध्यातले रबराचे तुकडे, पिळले जातात. अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा पोलादी दांडा, पिळला जातो आणि दोन्ही चाकांनी वेगळं वागू नये म्हणून विरोध करतो. चाक आणखी वर गेलं तर त्याला थांबवणाऱ्या बंप स्टॉपचं रबर लागतं. या सगळ्यात शॉकअपने काय केलं? बळ म्हणून पाहिलं तर जवळजवळ काहीच नाही. शॉकअपचा विरोध वेगावर ठरतो, आणि चाक इथे रांगतंय. दगडांत रांगणाऱ्या गाडीला शॉकअपच्या व्हॉल्व्हपेक्षा त्याची लांबी जास्त महत्त्वाची असते, ते यामुळेच.

म्हणजे भागांचे तीन गट पडतात. स्प्रिंग, अँटी-रोल बार आणि बंप स्टॉप हे चाक कुठे आहे त्यावर जोर लावतात. शॉकअप चाक किती वेगाने हलतंय त्यावर. आर्म, रॉड आणि बुश चाकाने कोणत्या वाटेने जायचं ते ठरवतात. एखादी तक्रार आली की मी आधी एवढंच विचारतो, ही तक्रार जागेची आहे, वेगाची आहे की वाटेची? तुमचं 'ठक्' जागेचं आहे, हेलकावे वेगाचे आणि स्टिअरिंग वाटेचं. पण तिघांचं मूळ स्प्रिंगमध्ये आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

स्प्रिंग गाडी दोन प्रकारे उंच करते. एकतर तीच ताकद ठेवून लांबी वाढवायची, नाहीतर ताकद वाढवायची. 'हेवी ड्युटी' नावाच्या बहुतेक स्प्रिंग निदान काही प्रमाणात दुसऱ्या प्रकारच्या असतात. एका कोपऱ्यावर 500 किलो वजन धरा. मूळ स्प्रिंग, चाकाजवळ मोजली तर, दर मिमीला 2.5 किलो ताकदीची असेल, तर ती वजनाखाली 200 मिमी दबून बसते. त्याच मोकळ्या लांबीची 3.5 किलोची स्प्रिंग घातली तर ती जेमतेम 143 मिमी दबते. लांबी न वाढवताच गाडी 57 मिमी उंच झाली. आता त्याच कोपऱ्यावर लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) वगैरेंचं 100 किलो वजन आलं तर ती 171 मिमी दबेल, म्हणजे निम्मी उंची गेली. स्प्रिंगच्या खोक्यावर लिहिलेली उंची कुठल्या तरी ठरावीक वजनाला खरी असते, हे आधी लक्षात घ्या. तुम्ही विंच लावलेली नाही, मागे सामानाचे खण नाहीत, आणि स्प्रिंग मात्र ते सगळं आहे असं समजून बनवलेल्या आहेत.

चाक खाली जाताना याचा होणारा परिणाम लोक फारसा मोजत नाहीत, आणि ऑफ-रोडसाठी तोच सगळ्यात मोठा आहे. चाक खड्ड्यात 100 मिमी खाली गेलं की मऊ स्प्रिंग त्याला अजून 250 किलोने जमिनीवर दाबते. कडक स्प्रिंगचा दाब 150 वर येतो. चाक दोन्हीकडे जमिनीला लागलेलं दिसेल, फोटोतही सारखंच येईल; पण एकात पकड आहे आणि दुसऱ्यात ते नुसतं टेकलेलं आहे. साधं डिफरन्शियल (एक्सलच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) असेल तर हलकं चाक नुसतं गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून 'जास्त उंच म्हणजे जास्त चांगली' या समजाला माझा विरोध आहे. रिकाम्या गाडीत भाराची स्प्रिंग घालणं हे ऑफ-रोड क्षमता कमी करणंच आहे, पोटाखाली कितीही जागा वाढो.

आता ते 'ठक्'. तुमच्या मूळ शॉकअपची एकूण चाल 200 मिमी असेल आणि गाडी मधोमध उभी राहत असेल, तर वर जायला 100 आणि खाली जायला 100 मिमी होते. गाडी 50 मिमी उंच केली, शॉकअप तोच ठेवला. आता वर 150 आणि खाली फक्त 50. चाकाला खाली जायची अर्धी जागा तुम्ही उभ्याउभ्याच खर्च करून टाकली. शॉकअप तिरका बसवलेला असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील, पण हिशोब हाच. उंचवट्यावरून चाक सुटलं की स्प्रिंग त्याला जोराने खाली ढकलते, 50 मिमीवर शॉकअपचा दांडा आतल्या टोकाला आदळतो, आणि एक्सलचं सगळं वजन त्या एका नटावर आणि रबराच्या दोन चकत्यांवर लटकतं. तो आवाज त्याचाच. खात्री करायची असेल तर आवाज चाक वर जाताना येतो की खाली सुटताना, ते खिडकी उघडी ठेवून ऐका. खाली सुटताना येत असेल तर शॉकअप आखूड पडतोय. वर जाताना येत असेल तर बंप स्टॉप किंवा माउंट (शॉकअप अडकवलेली जागा) पाहा. दोन्ही वेळा आणि लहानसहान खड्ड्यांतही येत असेल तर बुश. हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. शॉकअप दणके खायला बनवलेला नसतो. आधी आतलं सील जातं, मग माउंट.

हेलकाव्यांकडे येऊ. स्प्रिंगचं काम ऊर्जा साठवून परत देणं. ती संपवायचं काम शॉकअपचं. तो तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांखालून ढकलतो आणि ऊर्जेची उष्णता करतो. स्प्रिंग कडक झाली की शॉकअपही कडक लागतो, पण तेवढ्याच प्रमाणात नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात. ताकद 2.5 वरून 3.5 झाली, म्हणजे 40 टक्के वाढली, तर शॉकअपचा विरोध साधारण 18 टक्के वाढायला हवा. वजनही वाढवलंत तर आणखी. तुमचा मूळ शॉकअप अगदी नवा असता तर कदाचित हे अंतर चालून गेलं असतं. पण गळत नाही म्हणजे तो ठीक आहे, असं नसतं. आतलं तेल वयाने पातळ होतं, चकत्या थकतात, पिस्टनचं सील झिजतं, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. मऊ स्प्रिंगसोबत त्याची झीज झाकलेली होती. कडक स्प्रिंगने ती उघडी पाडली.

नवे शॉकअप घेताना परतीचा विरोध पाहा, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा. वर जाताना चाकाला बऱ्यापैकी मोकळं जाऊ द्यायचं आणि परत येताना आवरायचं, अशी साधारण रचना असते, कारण परतीच्या वेळी दबलेली स्प्रिंग मागून ढकलत असते. पण 'कडक तेवढा चांगला' हेही खरं नाही. परतीचा विरोध फार झाला तर चाक एका खड्ड्यातून पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. दर खड्ड्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालते. चालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे. तो आणखी कडक स्प्रिंग घालतो, आणि त्रास वाढतो. चुकीचं निदान करून चांगल्या स्प्रिंग काढून टाकलेली अशी वाहनं मी बरीच पाहिली आहेत.

कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सस्पेन्शनची खरी परीक्षा दगडांत होत नाही, तिथे होते. गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलतं. वरच्या उदाहरणात मऊ स्प्रिंगवर 1.1 आणि कडकवर 1.3 वेळा. पण चाक, एक्सल आणि ब्रेक मिळून जे वजन स्प्रिंगच्या खाली असतं ते टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये आपल्या स्वतःच्या ठेक्यावर हलतं, सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा. लाटांमधलं अंतर पाऊण मीटर धरा. ताशी 40 किमी वेगाला दर सेकंदाला जवळजवळ 15 लाटा चाकाखालून जातात. म्हणजे रस्ता चाकाला नेमक्या त्याच्या ठेक्यावर हलवतोय. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. ताशी 60 ला सेकंदाला 22 लाटा होतात, ठेका सुटतो, आणि गाडी एकदम शांत वाटते. म्हणूनच लोक अशा रस्त्यावर वेग वाढवतात. पण शांत वाटणारी ती गाडी लाटांच्या माथ्यांना टेकत चाललेली असते. वळण किंवा ब्रेकसाठी लागणारी पकड तिच्याकडे फार कमी उरलेली असते. हवा कमी करून वेग उतरवणं हाच तिथे शहाणपणाचा मार्ग आहे.

अशा लाटांवर शॉकअपचा दांडा सेकंदाला एक मीटरहून जास्त वेगाने आत-बाहेर होऊ शकतो, आणि तेही तासन् तास. दगडांत रांगताना हाच वेग त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही. सगळी ऊर्जा तेलात उष्णता होऊन साठते. तेल तापून पातळ होतं. साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू घुसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. एका नळीच्या शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन सरकत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे फेस होत नाही, आणि बाहेरची नळी थेट वाऱ्याला लागत असल्याने उष्णताही लवकर जाते. बाहेरची वेगळी टाकी असलेल्यांमध्ये तेल जास्त मावतं. तुम्ही मुख्यतः दगडांत आणि चिखलात चालवत असाल तर टाकीवाल्या शॉकअपची गरज नाही. लांबलचक कच्चे रस्ते असतील तर आहे. एक उपयोगी सवय: अशा तासाभराच्या रस्त्यानंतर थांबलात की चारही शॉकअपजवळ हात न्या, लगेच धरू नका, भाजतं. तीन तापलेले आणि एक जवळजवळ गार असेल तर गार असलेला काम करत नाहीये.

चाकांचा आकार वाढवला तर हेच सगळं आणखी अवघड होतं. मोठा, जाड टायर आणि जड रिम स्प्रिंगच्या खालचं वजन वाढवतात, आणि ते आवरायचं काम पुन्हा शॉकअपवर येतं. उंची वाढवल्यावर मोठे टायर घालायचे ठरवलं असेल तर शॉकअप त्यांच्यासकट निवडा, आधी नाही.

आता बंप स्टॉप. याला लोक नुसता रबराचा ठोकळा समजतात आणि नवे शॉकअप घालताना जागा मिळावी म्हणून कापतातसुद्धा. तो एक स्प्रिंग आहे, शेवटच्या काही मिमीसाठीची, झपाट्याने कडक होत जाणारी. तुमच्या गाडीत कोणी तरी चाकाला वर जाताना थांबवणारच आहे. ते बंप स्टॉपने करावं. नाहीतर शॉकअपचा तळ, एकमेकींवर बसलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्या किंवा मडगार्डला घासणारा टायर करेल. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गाडीला लांब शॉकअप घातले आणि बंप स्टॉप तसाच ठेवला. लांब शॉकअप पूर्ण दबल्यावरही लांबच असतो, हे माहीत होतं, पण मोजलं नव्हतं. एका कोरड्या नाल्यात वरच्या माउंटचं वेल्डिंग फ्रेमपासून उखडलं. तेव्हापासून मोजल्याशिवाय शॉकअप बसवत नाही.

मोजायचं असं. गाडी फ्रेमखाली स्टँडवर भक्कम ठेवा, स्प्रिंग काढा, शॉकअप खालच्या टोकाला मोकळे करा. जॅकने एक्सल वर उचला, बंप स्टॉपला टेकवा आणि तो किती दबेल ते धरून आणखी वर न्या; साधं रबर साधारण निम्म्यापर्यंत दबतं, फोमचा त्याहून बराच जास्त. या जागी शॉकअपच्या दोन माउंटमधलं अंतर मोजा. शॉकअपची पूर्ण दबलेली लांबी याहून 10 ते 20 मिमी कमी हवी. मग एक्सल खाली सोडा आणि उलटा हिशोब करा: ब्रेकची रबरी नळी ताणली जायच्या आत, प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे वळता सांधा, अडकायच्या आत, आणि स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटायच्या आत शॉकअपने किंवा एक्सलला बांधलेल्या पट्ट्याने चाक थांबवायला हवं. मग हेच एक चाक वर आणि दुसरं खाली असं तिरकं करून पुन्हा पाहा. दोन्ही चाकं एकत्र वर गेल्यावर न घासणारा टायर एक्सल तिरका झाला की आतल्या बाजूला हमखास घासतो. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. मात्र ते केल्याशिवाय कोणत्या लांबीचा शॉकअप घ्यायचा याचं उत्तर कोणीही खात्रीने देऊ शकत नाही, मीही नाही.

शॉकअप किती तिरका बसवला आहे तेही बघा. सरळ उभा असेल तेव्हा त्याचा विरोध चाकाला पूर्ण मिळतो. उभ्या रेषेपासून 30 अंश कलला तर पाऊण मिळतो, 45 अंशांवर निम्मा. लांब शॉकअप कमी जागेत बसवायचा म्हणून माउंट सरकवून तो आडवा केलात तर चांगल्या शॉकअपचा अर्धा उपयोग तिथेच गेला.

आता वाटेचा भाग, म्हणजे तुमचं स्टिअरिंग. रेडियस आर्म मागे चासीला एका बुशवर टेकलेला असतो आणि पुढे एक्सलला दोन बुशांनी घट्ट धरून असतो. गाडी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं आणि त्याच्याबरोबर एक्सल पुढच्या बाजूला गोल फिरतो. आर्म 900 मिमीचा असेल तर 50 मिमी उंचीने एक्सल 3 अंशांहून थोडा जास्त फिरतो. हे फिरणं थेट कॅस्टरमधून वजा होतं. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन; सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, तसा. चाकाला आपोआप सरळ व्हायची ओढ त्यातून मिळते. अशा बऱ्याच गाड्यांचा मूळ कॅस्टर 2 ते 4 अंशांच्या आसपास असतो, आणि त्यातले 3 गेले. स्टिअरिंगला परतायची ओढच उरली नाही, म्हणून सारखं सावरावं लागतं. यासाठी स्टिअरिंग बॉक्स घट्ट करू नका आणि टाय रॉड बदलू नका. मध्यभागापासून सरकवलेल्या छिद्राचे बुश मिळतात, किंवा वाकवून बनवलेले आर्म. त्यांनी एक्सल परत मागे फिरवता येतो. फक्त असं फिरवताना डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. 50 मिमीला हे सहसा चालून जातं. 100 मिमीला चालत नाही. तिथे कॅस्टर आणि शाफ्ट यांतलं एक काही तरी बिघडतंच, आणि शाफ्ट किंवा एक्सलच्या टोकांवर वेगळं काम करावं लागतं.

याच रेडियस आर्ममुळे पुढचा एक्सल मागच्याइतका तिरका होत नाही. दोन्ही आर्म एक्सलला घट्ट धरून असल्याने एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ते एक्सलच्या नळीलाच पिळायला बघतात. नळी पिळली जात नाही, त्यामुळे सगळी हालचाल बुशांच्या रबरातून यावी लागते. म्हणून तिथे कडक पॉलियुरेथेनचे बुश घालण्याचा सल्ला मी देत नाही. रस्त्यावर गाडी नेटकी वाटेल, पण दगडांत चाक उचललं जाईल, आणि आर्मचे बोल्ट व ब्रॅकेट यांच्यावर ताण जाईल. इथे रबराचा मऊपणा हा सस्पेन्शनचा एक कामाचा भाग आहे.

पॅनहार्ड रॉड एक्सलला आडवा सरकू देत नाही; पण तो स्वतः एका टोकाभोवती फिरतो, म्हणून एक्सल कमानीतून जातो. 900 मिमीचा रॉड मूळ उंचीला आडवा सपाट असेल तर चाक 100 मिमी खाली जाताना एक्सल 5-6 मिमी आडवा सरकतो. गाडी 50 मिमी उंच केली की तोच 100 मिमीचा प्रवास 11 मिमी सरकवतो, म्हणजे दुप्पट. शिवाय उभ्या गाडीतही एक्सल थोडा एका बाजूला आलेला असतो. लांबी बदलता येणाऱ्या रॉडने तो परत मधोमध आणता येतो. एक गोष्ट मात्र फार जपा. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक आणि हा पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर आणि शक्य तितके सारख्या लांबीचे असतात, ते मुद्दाम. दोघेही एक्सलला सारख्याच कमानीतून नेतात, म्हणून खड्ड्यात चाक आपोआप वळत नाही. गाडी उंच केल्यावर दोघे सारखेच तिरके होतात, आणि बहुतांशी समांतरच राहतात. मग कोणी तरी 'कोन सुधारतो' म्हणून फक्त ड्रॅग लिंकचं टोक खाली आणणारा आर्म बसवतो, समांतरपणा मोडतो, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात स्वतःहून वळायला लागते. दोन्ही खाली आणा किंवा एकही नको.

वेगात पुढची दोन्ही चाकं अचानक जोराने थरथरायला लागली तर पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं सगळ्यात आधी तपासा. एका माणसाला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवी हलवू द्या आणि तुम्ही खालून पाहा. रॉडच्या टोकाशी बोल्ट छिद्रात हलताना दिसला तर कारण सापडलं. मग बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग. स्टिअरिंग डँपर बदलून ही थरथर थांबते, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे: सैल भाग तसाच राहतो.

अँटी-रोल बारबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचाराल. सलग एक्सलच्या गाडीत स्प्रिंग चाकांच्या बऱ्याच आत बसलेल्या असतात. स्प्रिंगमधलं अंतर 900 मिमी आणि चाकांमधलं 1500 मिमी असेल, तर एक्सल तिरका होताना स्प्रिंगचा विरोध चाकाजवळ जेमतेम 36 टक्के जाणवतो. हाच सलग एक्सलचा मोठा गुण, आणि रस्त्यावर वळणात झुकण्याचं कारणही हेच. ते झुकणं आवरायला बार असतो. दोन्ही चाकं एकत्र हलली तर तो काहीच करत नाही. जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकारात पुढचा बार बटणाने मोकळा करता येतो. इतर गाड्यांत हाताने सुटणाऱ्या कड्या बसवतात. मोकळा करायचा असेल तर पुढचा करा, मागचा आधी नको. पुढचा एक्सल ताठ आणि मागचा फार मोकळा झाला तर चाक लटकत नाही, पण गाडीचं सगळं अंग पुढच्या एक्सलच्या कलाप्रमाणे झुकतं आणि चालकाला उलटण्याची भीती वाटते, तीही साधार. आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी बार परत जोडा, दर वेळी.

कॉइलऐवजी पाट्यांची स्प्रिंग असलेल्या गाड्यांत यातली बरीच कामं एकच भाग करतो: पाटा वजनही धरतो, एक्सलची जागाही धरतो, आणि पाट्यांच्या आपसातल्या घर्षणाने थोडं शॉकअपचं कामही करतो. म्हणून तिथे पाटे वाढवले की सगळंच एकदम बदलतं, आणि जास्त ताकदीच्या इंजिनाखाली पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळून चाक थडथड उडतं. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत मर्यादा सीव्ही जॉइंट (वळत्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट घालतात. तिथे शॉकअप आर्मच्या मध्यावर बसलेला असेल तर चाक 200 मिमी हलताना तो 100 मिमीच हलतो, आणि त्याचा विरोध चाकाजवळ चौथाई उरतो. म्हणून एका गाडीचे शॉकअप दुसरीला 'बसतात' म्हणून घालू नयेत.

तर तुमच्या गाडीसाठी मी या क्रमाने जाईन. आधी गाडी नेहमीच्या सामानासकट, पूर्ण टाकीसह तोला, प्रत्येक एक्सल वेगळा. पुढे विंच-बंपर येणार नसेल तर पुढच्या स्प्रिंग मऊ आणि थोड्या लांब घ्या. मागे तुम्ही नेहमी सामान नेत असाल तर त्या राहू द्या. स्प्रिंग ठरल्यावर वर सांगितल्याप्रमाणे माप घ्या आणि त्या लांबीचे, त्या स्प्रिंगला जुळणारे शॉकअप आणा. गरज पडली तर बंप स्टॉप खाली उतरवा. मग कॅस्टरचे बुश आणि लांबी बदलणारा पॅनहार्ड रॉड. व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घ्या. नुसतं 'टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) ठीक आहे' एवढ्यावर निघू नका. ब्रेकच्या नळ्या पूर्ण लटकलेल्या आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर तपासा.

एक शेवटचं, कारण याच कामात सगळ्यात जास्त चूक होते. आर्म आणि पॅनहार्ड रॉडच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत लटकत असताना घट्ट करू नका. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उंचच बसते, आणि बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी दाबून-सोडून मागे-पुढे हलवा, मग टॉर्क रेंचने आवळा. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा सगळे बोल्ट तपासा.